नसा फुटत नाहीत. ते मेसेज ब्लॉक करू नका

चंद्रपूरच्या माझ्या काकूने उष्णतेच्या इशाऱ्याचे सरकारी एसएमएस ब्लॉक करून टाकले. ऐन मे महिन्यात! कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड. त्याचं म्हणणं असं: तापलेल्या अंगाला गार पाणी लावलं की नसा फुटतात, तरी सरकार तेच सांगतं, असल्या मेसेजने कुणी सुधारत नाही, गावात तर ते पोचतही नाहीत, भोंगा वाजवून येणारा अलर्ट फोन हॅक करतो, लिंक उघडली की बँकेचं खातं रिकामं.

आधी नसांचं, कारण यात माणूस जाईल. उष्माघातात अंगाचं तापमान 40 अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो. म्हाताऱ्या माणसांचा तर बहुतेकदा घामही थांबलेला असतो. अशा वेळी अंग लवकर गार करणं हाच उपचार. दवाखान्यातही पहिलं तेच करतात. उन्हात कोसळलेल्या धावपटूंना तर थेट बर्फाच्या पाण्यात बसवतात. कुणाच्या नसा फुटत नाहीत. 108 ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी आणि वरून पंखा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. 'अंग जरा निवू दे, मग पाणी लावू' म्हणत थांबलात तर तेवढ्यात मेंदूला इजा होते.

'मेसेजने काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी पश्चिम बंगाल बघावा. मे 2020 मध्ये नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जींच्या कोविडवरच्या छोट्या बंगाली व्हिडिओंची लिंक सुमारे अडीच कोटी लोकांना एसएमएसने गेली. काही भागांत मुद्दाम नुसती सरकारी माहितीची लिंक पाठवली, म्हणजे तुलना करता यावी. व्हिडिओ गेलेल्या भागांत गावच्या आरोग्यसेवकांना लक्षणं कळवण्याचं प्रमाण दुप्पट झालं. ज्यांना मेसेज मिळालाच नव्हता, त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांतही जवळपास तेवढाच फरक दिसला. 'गावात पोचत नाही'चं उत्तर यातच आलं. तो अभ्यास कोविडचा होता, उन्हाचा नव्हे, हे खरं. पण मेसेज आल्यावर माणसं वागणं बदलतात का, प्रश्न तोच आहे.

भोंग्याचा अलर्ट टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो, त्याला तुमचा नंबरही लागत नाही. त्याने फोन हॅक होत नाही.

लिंकचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. फसव्या लिंका येतात, लोकांचे पैसे गेलेत. मग लिंक उघडू नका, ओटीपी कुणाला देऊ नका. पण दुपारी 12 ते 3 उन्हात जाऊ नका, पाणी पीत राहा, हे त्या मेसेजमध्ये सरळ लिहिलेलं असतं; ते वाचायला काहीच उघडावं लागत नाही.