गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाने काय सांगायला हवे

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. फौजदारी वकिलाचे काम खटल्यापुरते, व्हिसाचे काय होईल हे सांगणे त्याच्याकडे नाही. ग्रीन कार्ड असेल तर किरकोळ गुन्ह्याची चिंता नको. शिक्षा स्थगित झाली की प्रकरण मिटले. आणि काही बिघडलेच तर कबुली नंतर मागे घेता येते. या चारपैकी एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिले विधान एके काळी तिथल्या बहुतेक न्यायालयांना मान्य होते, हे कबूल करायला हवे. हद्दपारी हा शिक्षेचा भाग नसून आनुषंगिक परिणाम आहे, असे ती म्हणत. ३१ मार्च २०१० रोजी ‘पडिया विरुद्ध केंटकी’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका नाकारली. होझे पडिया हे मूळचे होंडुरासचे, चाळीस वर्षांहून अधिक काळ कायदेशीर कायम रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक, आणि व्हिएतनाम युद्धातले माजी सैनिक. इतकी वर्षे इथे आहात, तेव्हा हद्दपारीची काळजी नको, असे वकिलाने सांगितल्यामुळे आपण गांजाच्या वाहतुकीचा गुन्हा कबूल केला, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने ठरवले की परिणाम कायद्यात स्पष्ट असेल तेथे वकिलाने तो अचूक सांगितला पाहिजे, आणि कायदा गुंतागुंतीचा असेल तेथे निदान धोक्याची सूचना दिली पाहिजे. सरकारचे म्हणणे होते की चुकीचा सल्ला तेवढा दोष मानावा, मौन नव्हे. तेही फेटाळले गेले, कारण तसे मानले तर गप्प बसणेच वकिलाच्या सोयीचे ठरले असते.

ग्रीन कार्ड हे कवच नाही, याला पडिया यांचेच उदाहरण पुरेसे आहे.

स्थगित शिक्षेविषयीचा गैरसमज मात्र सर्वांत घातक, कारण तो ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. स्थलांतर कायद्यात शिक्षेची मुदत मोजताना स्थगित केलेला काळही धरला जातो. त्यामुळे चोरीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा सुनावून ती पूर्ण स्थगित केली, आरोपी एक दिवसही तुरुंगात गेला नाही, तरी तो गुन्हा ‘गंभीर’ वर्गात मोडू शकतो आणि हद्दपारी टाळण्याचे बहुतेक मार्ग बंद होतात. ३६५ ऐवजी ३६४ दिवसांची तडजोड मिळवणे हे म्हणूनच जाणत्या वकिलाचे नेहमीचे काम असते. कॅलिफोर्नियाने तर २०१५ पासून सौम्य गुन्ह्यांची कमाल शिक्षाच ३६४ दिवसांवर आणली.

कबुली नंतर मागे घेण्याचा मार्ग आहे, पण अरुंद. वकिलाची चूक दाखवणे पुरत नाही. योग्य सल्ला मिळाला असता तर आपण कबुली दिली नसती, असा संभवही दाखवावा लागतो. दक्षिण कोरियात जन्मलेल्या ‘जे ली’ नावाच्या आरोपीने २०१७ मध्ये तो दाखवला, कारण हद्दपारीचाच प्रश्न त्याने वकिलाला पुन्हा पुन्हा विचारल्याचे सिद्ध झाले होते. शिवाय २०१३ च्या एका निकालानुसार, २०१० पूर्वी अंतिम झालेल्या शिक्षांना पडिया निर्णयाचा लाभ मिळत नाही. स्थलांतर न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही नाही. त्यामुळे ज्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी फौजदारी खटल्यात नेमलेला वकील हाच अनेकदा शेवटचा सल्लागार असतो.