गिऱ्हाईक सुटता कामा नये

तुम्ही काजूचं ऑनलाइन दुकान काढलंत, अभिनंदन. लोक येतात, सालीसकट भाजलेले अर्धा किलो काजू कार्टमध्ये टाकतात आणि पैसे भरायच्या पानावरून गुल होतात, म्हणून तुम्ही हवालदिल आहात. होऊ नका. बेमार्ड नावाची एक डॅनिश संस्था वर्षानुवर्षं हेच मोजत बसली आहे. तिच्या हिशेबाने दहातली साधारण सात कार्टं अशीच बेवारस राहतात. नुसते बघायला आलेले वगळले, तर सर्वांत मोठं कारण म्हणजे ऐनवेळी वाढलेला खर्च. हे शेवटचं वाक्य मात्र वाचलंच नाही असं समजा. पहिल्याच पानावर पूर्ण किंमत लिहिलीत तर गिऱ्हाईक पळणार नाही, आणि मग परत आणायचं कोणाला?

तेव्हा आधी ते नीट पळवायला शिका. मी फोंड्यात राहतो. माझ्यावर झालेला प्रयोग सांगतो. काजू ५४९ रुपये. वा! पुढच्या पानावर घरपोच करण्याचे ९०. त्याच्या पुढच्या पानावर ‘हाताळणी’ ३५. कोणाची हाताळणी, काजूंची की माझी, ते लिहिलं नव्हतं. तळाशी बारीक अक्षरांत कुठल्याशा सत्कार्यासाठी १०, खूण आधीच मारलेली. झाले ६८४. तरी मी नेटाने पुढे गेलो. मग म्हणे खातं उघडा. पासवर्डात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. अर्ध्या किलो काजूला तिजोरीचं कुलूप! मग ओटीपी. आमच्याकडे रेंज येते ती अंगणात, तुळशीपाशी. फोन उंच धरून तुळशीला दोन प्रदक्षिणा घातल्या, ओटीपी प्रसन्न झाला, धावत आत येतो तर कॉम्प्युटरवरच्या पानाची मुदत संपलेली. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पिनकोड घातला तेव्हा कळलं, काजू गोव्याचेच, पण गोदाम भिवंडीला. फोंड्याला पोचायला नऊ दिवस.

मी उठलो आणि जेवायला गेलो. तुमचं काम इथून सुरू होतं.

तासाभरात पहिला मेल: ‘काही विसरलात का?’ दुसऱ्या दिवशी ५ टक्के सूट, तिसऱ्या दिवशी १०. यातून गिऱ्हाइकाला वळण लागतं. आमच्या शेजारच्या वहिनींना ते केव्हाच लागलंय. त्या सोमवारी कार्ट भरतात आणि गुरुवारपर्यंत स्वस्थ बसतात. त्यांचं अख्खं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, असं अर्धवट सोडलेल्या खरेदीवर भरतं. तुमच्या अहवालात त्यांची नोंद ‘परत मिळवलेलं गिऱ्हाईक’ अशी होत असणार. होऊ द्या, अहवाल छान दिसतो.

सूट नाकारणाऱ्यासाठी बटणावर लिहा, ‘नको, मला महागच घ्यायला आवडतं.’ असल्या युक्त्या सुचत नसतील तर सरकार पाठीशी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्या व्याख्येसह छापल्या आहेत: खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप काहीतरी सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं. त्या बंद व्हाव्यात म्हणून छापल्यात खऱ्या, पण इतका सुटसुटीत अभ्यासक्रम फुकट कुठे मिळतो?

एवढ्यानेही बधला नाही तर फोन करा. मला आला तेव्हा देवळाच्या उत्सवातल्या नाटकाची तालीम चालली होती आणि मी औरंगजेब होतो. संभाजीला साखळदंडात आणून उभा केलेला, तेवढ्यात फोन: ‘सर, आपने अपने काजू कार्ट में छोड़ दिए हैं.’ (गोव्यातल्या माणसाशी हिंदीतच बोलायचं, हा नियम तुम्हीही पाळा.) मी त्याच आवाजात गरजलो, ‘हमें नहीं चाहिए!’ दिग्दर्शक म्हणाले, आज पहिल्यांदा बादशहा वाटलात.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र धंदा शिकायला जाऊ नका. तिथली काजूवाली अगदीच अडाणी. भाव पहिल्याच शब्दात सांगितला, पिशवीसकट. मी दोन काजू तोंडात टाकले, ‘बघतो’ म्हणून निघालो, तर हाक नाही, शेवटचे दोनच पुडे राहिलेत अशी थाप नाही. शेजारणीच्या हरमल मिरच्यांच्या राशीवर लक्ष ठेवून बसून राहिली. बाजाराला एक फेरी मारून मी आपसूक परत आलो. खिशात ६० रुपये कमी निघाले. ‘व्हर रे बाबा, फुडल्या शुक्रारा पयशे दी.’ पासवर्ड सोडाच, नावसुद्धा विचारलं नाही! अशाने धंदा कसा चालायचा?

पुढच्या शुक्रवारी पणजीला बस बदलून, निव्वळ ६० रुपये द्यायला मी म्हापशाला गेलो. येताना मांडीवर आणखी अर्धा किलो होते. पर्वरीच्या चढावर खिशातला फोन थरथरला: ‘तुमचे काजू अजून तुमची वाट बघताहेत. फक्त २ नग शिल्लक!’ मी पुडा सोडला आणि शेजारच्या सीटवरच्या बाईंपुढे धरला.