डब्यातला आमरस आणि गच्चीवरचा मी

भाऊबीजेला ताई आणि भावजी येणार, भावजींचा आमरस-पुरीवर फार जीव, आणि दिवाळीत हापूस कुठून आणायचा, म्हणून मी महिनाभर आधीच ८५० ग्रॅमचे पल्पचे दोन डबे आणून ठेवले होते, एकावर एक फ्री. एवढं प्लॅनिंग मी लग्नात पण केलं नव्हतं.

सकाळी साडेअकराला ड्रॉवरमधून कॅन ओपनर काढला. दादर स्टेशनबाहेर फुटपाथवर घेतलेला. डब्याला लावला, किल्ली फिरवली, तर चाक गोल गोल फिरतंय आणि डबा ढिम्म. नुसता ओरखडा. वाण्याचं दुकान बंद, ऑनलाइनवाला म्हणतो ५० मिनिटं, आणि ताईचा मेसेज, "दादा, भायखळा सोडलं."

मग सुरी घेतली. टोक वाकलं. स्क्रूड्रायव्हर आणि बत्ता घेतला, एकच घाव घातला, तर बारीक भोक पडलं आणि रसाची पिचकारी थेट नव्या कुर्त्यावर. आई म्हणाली, "अरे अजून एक भोक पाड, हवा जायला नको का आत? मिल्कमेडच्या डब्याला आपण दोन पाडायचो की." पाडलं. पण हा रस घट्ट, थेंब थेंब सलाईनसारखा. या स्पीडने भावजींना तुळशीच्या लग्नाला जेवायला बसवावं लागलं असतं.

फोनवर शोधायला गेलो तर कळलं की डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० सालचं आणि अमेरिकेत ओपनरचं पहिलं पेटंट १८५८ चं. म्हणजे मधली ४८ वर्षं लोक काय करत होते, तर छिन्नी आणि हातोडी! डब्यावरच तशी सूचना असायची म्हणे. हे वाचून मला जरा बरं वाटलं, बायकोला अजिबात नाही. ती पुऱ्या लाटून बसलेली.

पण तिथेच एक उपाय सापडला. डब्याचं झाकण वरच्या कडेला दुमडून घट्ट बसवलेलं असतं, ती दुमड घासून काढली की झाकण सुटतं. म्हणून दुसरा, न भोसकलेला डबा घेऊन गच्चीवर गेलो, सिमेंटवर उलटा धरला आणि उकिडवा बसून घासायला लागलो, घर्र घर्र, घर्र घर्र. दात आंबले. वाळत घातलेल्या चादरीमागून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डोकं बाहेर काढलं. "काय रे, डब्याला धार लावतोयस?"

मी उत्तर दिलं नाही. पाचेक मिनिटांनी सिमेंटवर ओला पिवळा डाग दिसला, आणि खरं सांगतो, मुलगा पहिल्यांदा चालला तेव्हा झाला होता तसला आनंद झाला. डबा सरळ केला, कडेची चमकती पूड फडक्याने तीनदा पुसली, दोन्ही बाजूंनी दाबला आणि झाकण टक्कन वर आलं.

भावजी तीन वाट्या जेवले. "ताजा वाटतो हो अगदी," म्हणाले.

ओवाळताना ताईने विचारलं बोटाला काय झालं, म्हणलं काही नाही, फटाका. पाकीट तबकात ठेवलं आणि शेजारी तो दोन भोकांचा डबा पण ठेवला, त्यांच्या घरी ओपनर चांगला आहे.