यादीत वर्षं लिहू या: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

अर्जुन पुरस्कार आणि आपला नाशिक जिल्हा यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर रागात लिहिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार उतारवयात मिळाला, हे मी साफ चुकीचं लिहिलं. पुरस्कार मिळालेल्यांचे गोडवे गायले, पण नाशिकला जन्मलेल्या क्रिकेटपटू बापू नाडकर्णींचं नावसुद्धा घेतलं नाही. कामगिरी होऊन गेल्यावर हातात येणाऱ्या पुतळ्याला मी पाठबळ समजलो. आणि पुरस्कारविजेत्यांची यादी शाळांच्या भिंतींवर लावावी ही माझी सूचना म्हणजे पोरांची फसवणूक. शेवटी त्यांनी लिहिलंय, "अर्जुन दरबारातला. आमचा एकलव्य अजून रानातच आहे. फाडून टाका ती यादी."

काका, पहिली चूक निर्विवाद माझी आहे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले आणि पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. म्हणजे पुरस्कार सुरू झाल्यावर तेवीस वर्षं हा माणूस आपल्यात होता आणि त्या तेवीस वर्षांत कुणालाही त्यांना बोलवावंसं वाटलं नाही. मी "उतारवयात" असं सहज लिहून गेलो आणि ही सगळी उपेक्षा एका शब्दात पुसून टाकली. तुम्ही चिडलात ते बरोबरच होतं.

उशिराचं म्हणाल तर तुमच्या बाजूने आणखी दोन दाखले मीच देतो. मिल्खा सिंग यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोन सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा हा पुरस्कार सुरू होऊन वर्ष झालं होतं. त्यांना तो देऊ केला २००१ मध्ये, आणि त्यांनी तो नाकारला. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण मिळवलं. त्यांच्या हातात जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार पडला जानेवारी २०२५ मध्ये. बावन्न वर्षांनी!

आता बापू नाडकर्णी. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मी तीन वेळा वाचला, कारण तिथे मला उत्तर नव्हतं. जानेवारी १९६४, मद्रासची कसोटी, समोर इंग्लंड. बापूंनी सलग १३१ चेंडूंवर एकही धाव दिली नाही. सलग २१ निर्धाव षटकं. डावाचं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. त्या अकरा जणांत सलीम दुराणी होते, त्यांना अर्जुन पुरस्कार आधीच, म्हणजे पहिल्याच वर्षी १९६१ मध्ये मिळाला होता. कर्णधार पतौडींना १९६४ चा मिळाला. विजय मांजरेकरांना १९६५ चा, चंदू बोर्डेंना १९६६ चा. बापूंना नाही.

का नाही? तेव्हा क्रिकेटमधून बहुतेक वर्षी एकाच खेळाडूची निवड व्हायची, हे एक कारण सांगता येतं. पण मला वाटतं खरी अडचण त्या शेवटच्या शून्यात आहे. शतक मोजता येतं, बळी मोजता येतात, पदकं तर मोजता येतातच. समोरच्याला तासन् तास हालू न देणं कुठल्या रकान्यात टाकायचं? पुढे निवडीसाठी पदकांना गुण ठरवून देण्याची पद्धत आली. तिच्यामुळे वशिल्याला थोडा आळा बसला असेल, पण बापूंच्या जातीचं काम तिच्यातूनही निसटणारच. तुमचा हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. नाशिकवर लिहिताना मी यादी उघडली आणि यादीत जे आहेत तेवढेच आपले धरले. सुरुवातच उलटी झाली.

पाठबळाचा मुद्दा. "पुरस्काराने कविता राऊतचं आयुष्य बदललं" हे माझं वाक्य मी काढून टाकलंय. हरसूलकडच्या सावरपाड्याची ही मुलगी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली ती ऑक्टोबर २०१० मध्ये. राष्ट्रकुल स्पर्धेच्या ट्रॅकवर भारतीय महिलेचं ते पहिलं वैयक्तिक पदक. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरला रौप्य, ५,००० मीटरला कांस्य. अर्जुन पुरस्कार २०१२ चा. अनवाणी पळणं, डोक्यावरून पाणी आणणं, प्रशिक्षक विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली घेतलेली मेहनत, हे सगळं त्याच्या आधीचं. पुरस्कार मागची चार वर्षं बघतो, पुढच्या चार वर्षांच्या खुराकाची सोय करत नाही. दत्तू भोकनळचंही तेच. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, पाण्याची ओढाताण असलेलं गाव. तिथला मुलगा सैन्यात गेला, पुण्यात वल्हं हातात घेतलं, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या नावेच्या शर्यतीत, तेरावा आला आणि २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या पालेमबांगला चौघांच्या नावेतून आशियाई सुवर्ण जिंकून आला. अर्जुन पुरस्कार २०२० चा, तोही करोनामुळे पडद्यावर झालेल्या समारंभात. त्याच दिवशी रक्कम ५ लाखांवरून १५ लाख झाली हे चांगलंच झालं, पण ही रक्कमही वल्हं मारून झाल्यावरची.

(रिओला आपल्या जिल्ह्यातली ही दोघंही होती. कविता मॅरेथॉन धावली. त्या ऑगस्टमध्ये गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे फिरायला येणारी आमची मंडळी दुसरं काही बोलतच नव्हती.)

इथपर्यंत तुमचं-माझं जमतं. भिंतीवरच्या यादीवर मात्र मी मागे हटणार नाही.

मागच्या हिवाळ्यात पुस्तकं द्यायला एका आश्रमशाळेत गेलो होतो. कविताची गोष्ट सांगून झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "अर्जुन मिळायला इंग्रजी यावं लागतं का?" मी नाही म्हणालो. तिने पुढे विचारलं, "मग अर्ज कोण भरतं?" काका, ही पोर फसलेली नव्हती. तिने दोन प्रश्नांत निवडीच्या वर्मावर बोट ठेवलं. संघटनेने नाव पाठवायचं आणि खेळाडूने वाट बघत बसायचं, अशीच रीत वर्षानुवर्षं होती. आता खेळाडूला स्वतःलाही ऑनलाइन अर्ज करता येतो. हे मी तिला सांगितलं. पाड्यावरच्या मुलीला हे कळायला हवं, आणि ते कळायचं तर आधी असा पुरस्कार असतो, तो आपल्याकडच्या बाईला मिळालाय, हे भिंतीवर दिसायला हवं.

आणि यादी जाहीर असते म्हणूनच तिच्याशी भांडता येतं. मुष्टियोद्धा मनोजकुमार, कविता धावली त्याच दिल्लीच्या स्पर्धेतला सुवर्णविजेता. २०१४ मध्ये समितीने चुकीच्या समजुतीवरून त्याला वगळलं. तो न्यायालयात गेला आणि पुरस्कार मिळवला. यादी फाडली तर असा जाब विचारायचा कशाच्या आधारावर? तुम्ही स्वतः बापूंसाठी मला खडसावलंत तेही यादी समोर होती म्हणूनच ना?

एकलव्याबद्दल एवढंच म्हणतो की त्या वाक्याने मला झोप लागली नाही. पण सावरपाड्याचं नाव त्या यादीत कुणी दरबाराने कृपा करून घातलेलं नाही. ते पायांनी तिथे नेलंय. आपणच ते फाडायचं?

तेव्हा माझी सूचना बदलून मांडतो. फलकावर नुसती नावं नकोत. प्रत्येक नावापुढे कामगिरीचं वर्ष आणि पुरस्काराचं वर्ष, दोन्ही लिहायची, म्हणजे मधलं अंतर पोरांना स्वतःच मोजता येईल. कविता राऊत, २०१० आणि २०१२. दत्तू भोकनळ, २०१८ आणि २०२०. खाली महाराष्ट्रातले: खाशाबा जाधव, १९५२, पुरस्कार मरणोत्तर. मुरलीकांत पेटकर, १९७२ आणि २०२५. आणि नाशिककरांच्या रांगेत सगळ्यात वर बापू नाडकर्णी, मद्रास १९६४, पुरस्काराचा रकाना रिकामा. रिकामाच ठेवायचा, रेघ मारून बंद करायचा नाही.

ओळखीच्या दोन शिक्षकांशी बोललो आहे, दोघंही फलक करायला तयार आहेत. बापूंच्या नावाखाली दोन ओळींची जागा सोडली आहे. तुम्ही त्यांना खेळताना पाहिल्याचं लिहिलंत. मी नाही पाहिलं. त्या दोन ओळी तुम्ही लिहून पाठवाल का?