मॉर्मन मिशनरी आणि घरचा फोन : एक खुलासा

परदेशात धर्मप्रचाराच्या सेवेला गेलेल्या मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) तरुणांना वर्षातून दोनदाच आईवडिलांशी बोलू देतात, आणि चर्च त्यांना भरघोस पगार देतं, असा मजकूर सध्या फिरतो आहे. पहिली गोष्ट जुनी झाली, दुसरी मुळातच खोटी.

नाताळ आणि मदर्स डे, एवढेच दोन फोन, ही प्रथा खरोखर होती. बाकी आठवड्याला ईमेल. फेब्रुवारी 2019 मध्ये चर्चने ती बदलली. आता आठवड्यातल्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कपडे धुणं, किराणा, केस कापणं उरकायच्या दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या, परक्या भाषेत चाचपडणाऱ्या पोरांसाठी हा बदल फार मोलाचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

पगार तर नाहीच. अमेरिकेतून जाणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांनाच दरमहा पैसे भरावे लागतात; जुलै 2020 पासून 500 डॉलर. मुलगे साधारण 24 महिने सेवा करतात, मुली 18.

हे मिशनरी सोबतच्या दुसऱ्या मिशनरीशिवाय एकट्याने फिरत नाहीत, हे मात्र खरं. त्यांच्या श्रद्धेशी मतभेद जरूर असावेत, पण या मुलांबद्दल खोटं पसरवू नये. तो मजकूर पुढे पाठवला असेल, तर हा खुलासाही पाठवा.