‘एचआयव्हीवाल्यांना वेगळं बसवा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीसोबतच एचआयव्हीचं काम चालतं, ते बंद करून त्या पेशंटना गावाबाहेर वेगळा दवाखाना द्या, अशी मागणी करणारा एक लांबलचक मेसेज बरेच जण पुढे ढकलतायत. त्यातले मुद्दे एकेक करून घेऊ.

‘एका बाकावर बसून, एका टेबलावर तपासून लागण होते.’ होत नाही. बाकाने, हात लावल्याने, संडास वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही. राहिली हत्यारं. ती प्रत्येक पेशंटनंतर निर्जंतुक करायचीच असतात, कारण कुणाच्या रक्तात काय आहे ते कपाळावर लिहिलेलं नसतं. बाधित सुई टोचून एचआयव्ही लागण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास, ‘बी’ काविळीचा त्याच्या कितीतरी पट. जिथे ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, नीट चालत नाही, तिथे वेगळी खोली कुणाला वाचवणार?

‘गरोदर सुनेची ही चाचणी म्हणजे घराण्यावर संशय.’ चाचणी प्रत्येकीला सुचवतात. हिमोग्लोबिन, लघवी, सिफिलिस यांच्या बरोबरीने. पाटलाची सून असो की ऊसतोडीला जाणारी बाई. समजावून संमती घ्यायची असते आणि नको म्हणायचा हक्कही असतो. बोटाला टोचून थेंबभर रक्त, तेवढंच. संशयच घ्यायचा तर सगळ्या तालुक्यावर घ्यावा लागेल!

या थेंबाचं मोल मात्र मोठं आहे. काहीच उपचार नसतील तर बाधित आईकडून गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून शंभरात १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. आपल्याकडे २०१४ पासून बाधित गरोदर बाईला आजाराची पायरी न बघता एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू करतात, त्या कायमच्या. जन्मल्यावर बाळालाही औषध देतात, बहुतेकदा नेव्हिरॅपिनचं सिरप, निदान सहा आठवडे. सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्त घेऊन खास कागदावर वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. पक्का निकाल दीड वर्षाला.

आता हे वेळापत्रक लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवून बघा. सहाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस असतो, दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर. आई बाळाला घेऊन त्या दिवशी येणारच असते. तेव्हाच दोन्ही कामं झाली तर झाली. ‘यासाठी पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला जा’ म्हटलं की मजुरी बुडते, एसटीचं भाडं पडतं, सासूला कारण सांगावं लागतं. बाळं निसटतात ती या फेरीत.

‘अशा बाईला मूल कशाला? ऑपरेशन करून टाका.’ बाधित गरोदर बाईची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंदी आहे. तिला मूल नको असेल तरी आजाराचे उपचार आणि पाळणा लांबवायची सोय, या दोन्ही सेवा जवळजवळ हव्यात. एचआयव्हीसोबत टीबी अनेकदा येतो, आणि टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधाने माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळीचा जोर कमी पडतो. टीबीच्या खिडकीला पाळणा लांबवायच्या गोळ्या माहीत नाहीत आणि पाळणावाल्यांना टीबी माहीत नाही, अशा वेळी ‘गोळी घेऊनही दिवस गेले’ म्हणत ती परत येते. तांबी किंवा दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन सुचवायला दोन्ही कागद एकाच माणसासमोर लागतात.

शिवाय बाई ‘माझी एचआयव्ही बघा’ म्हणून क्वचितच येते. येते ती अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून. ते विचारायची जागा आणि चाचणीची जागा एक असेल तरच पुढचं कळतं. बाधित बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. ती तपासणीही याच टेबलावर होते.

‘एकत्र केलं की गावाला कळतं.’ उलट आहे. गावाबाहेरच्या त्या इमारतीकडे वळणारी बाई पाहिली की आणखी काय कळायचं राहतं? सगळ्यांच्या रांगेत ती कशासाठी आली, हे कुणाला दिसत नाही. पण या मुद्द्यात तथ्य नाही असं म्हणवत नाही. उघडं पडलेलं रजिस्टर, कार्डावरची लाल पेनाची खूण, दारातून मोठ्याने पुकारलेलं नाव, हे घडतं. कायद्याने ही माहिती तिच्या संमतीशिवाय फोडायला मनाई आहे, आणि वीस किंवा जास्त माणसं काम करणाऱ्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव भिंतीवर आहे का, ते मेसेज लिहिणाऱ्यांनी जरूर जाऊन बघावं.

‘नर्सवर कामाचा बोजा वाढतो.’ हे खरं आहे. समुपदेशकाची खुर्ची रिकामी असेल तर सगळं सिस्टरच्या गळ्यात पडतं, आणि दारात रांग लागलेली असताना संमती म्हणजे फक्त सही उरते. पण गावाबाहेर दुसरा दवाखाना काढला की तिथेही नर्स लागेल, समुपदेशक लागेल, लॅबवाला लागेल. आहेत त्या जागा भरण्याची मागणी मेसेजमध्ये कुठेच नाही.