काकूंचे मोदक आणि ग्रुपवरचे कायदेपंडित

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

गणपती आठवड्यावर आलेत. इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, एडिसनमध्ये उकडीचे मोदक कोणी करून देतं का? चौघीपाचजणींनी लगेच काकूंचं नाव सांगितलं. काकूंनीही नेहमीसारखं लिहिलं, गुरुवारपर्यंत सांगा गं, नारळ आणायचेत. त्यावर एका गृहस्थांचा भलामोठा मेसेज. घरच्या किचनमधून असे पदार्थ विकणं न्यू जर्सीत बेकायदेशीर आहे, ग्रुपवर अशा जाहिराती नकोत, उद्या कोणाला काही झालं तर मंडळावर येईल. अॅडमिननी तत्परतेने काकूंचा मेसेज उडवला. आणि काकूंनी खाली लिहिलं, "सॉरी हं."

सॉरी! त्या बाईने! या गृहस्थांच्या मुलाच्या मुंजीतले अनारसे कोणी केले होते, ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. तेव्हा कायदा कुठल्या कपाटात ठेवला होता?

काकू कोण, ते सांगते. माझ्या बाळंतपणाच्या वेळी आईचा व्हिसा नाकारला. सीझर झालेलं, घरात नवरा आणि मी, आणि नवऱ्याला वरणभाताच्या पुढे काही येत नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या या काकू, तोवर नुसती तोंडओळख, एक दिवस दारात उभ्या. हातात कॉस्टकोच्या दह्याचा मोठा डबा, त्यात डिंकाचे लाडू. झाकणावर मास्किंग टेप आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: "सकाळी 1, दुपारी 1. जास्त नको, उष्ण पडतील." मग रोज काही ना काही यायला लागलं. अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी. नवऱ्याने एकदा रिकाम्या डब्यात पैसे ठेवून डबा परत केला. दुसऱ्या दिवशी भरलेला डबा आला, तर झाकणाखाली पैसे तसेच, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

महिनाभर असं चाललं. मग मी कामावर जायला लागले आणि मीच हट्ट धरला, की आता रोजचा डबा लावते आणि पैसे घ्यावेच लागतील. काकू कशाबशा तयार झाल्या.

आता कायद्याची गंमत बघा. तो महिनाभर काकूंचं स्वयंपाकघर एकदम पवित्र. पहिल्या महिन्याचे पैसे हातात पडले, त्या दिवसापासून तेच घर, तोच ओटा, तोच कुकर, त्याच काकू, पण आरोग्याला धोका! पैशाला जंतू लागतात की काय?

आणि हे फक्त डब्याचं नाही. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत घरी भाजलेला साधा केकसुद्धा विकू न देणारं सगळ्यात शेवटचं राज्य आमचं होतं. केक भाजून चर्चच्या देणगीसाठी दिला तर चालायचा. तोच शेजारणीला विकला की गुन्हा. विधेयकं यायची आणि सिनेटमध्ये अडकून पडायची. शेवटी घरी बेकिंग करणाऱ्या बायका 2017 मध्ये कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे सरकार हललं आणि ऑक्टोबर 2021 पासून परवाना मिळायला लागला. शंभर डॉलर, दोन वर्षांसाठी. त्याआधी अन्नसुरक्षेची परीक्षा द्या, वर्षाला 50,000 डॉलरच्या वर विक्री करू नका, राज्याबाहेर पाठवू नका, दुकानात ठेवायला देऊ नका, आणि वेष्टनावर छापा की या स्वयंपाकघराची आरोग्य खात्याने तपासणी केलेली नाही. बरं. हे सगळं मला मान्य आहे. लेबल लावा ना, मी तर म्हणते मोठ्या अक्षरात लावा.

पण विकायचं काय, त्याची यादी वाचलीत का? जे फ्रिजबाहेर टिकतं तेवढंच. ब्रेड, कुकी, जॅम, फज, पॉपकॉर्न. इटालियन लोकांची पिझेल नावाची पातळ बिस्किटं त्यात आहेत, फळं भरलेले करंजीसारखे एम्पानाडा आहेत. चकली? करंजी? बेसनाचा लाडू? त्यांची नावं नाहीत. यादीत नसलेल्या पदार्थासाठी अर्ज करता येतो म्हणे. म्हणजे पासष्टीच्या काकूंनी चकली हा काय प्रकार आहे, ती फ्रिजबाहेर बिघडत कशी नाही, हे इंग्रजीत लिहून सरकारला पटवायचं. आमच्या आज्या पत्र्याच्या डब्यात महिनामहिना चकल्या ठेवायच्या, त्यांना कोणी पुरावा नाही मागितला.

हो, उकडीचे मोदक या नियमात बसत नाहीत. ओलं खोबरं, उकड, वाफ, सगळंच लवकर आंबणारं. नियमावर बोट ठेवून ते गृहस्थ बरोबर बोलले. झालं समाधान?

माझी नणंद टेक्सासला, डॅलसजवळ. तिथे 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झाला. मांस, मासे, कच्चं दूध असल्या काही गोष्टी सोडल्या तर घरी केलेलं जवळजवळ सगळं विकता येतं, फ्रिजमध्ये ठेवायचे पदार्थसुद्धा. त्यासाठी नोंदणी करायची, बनवल्याची तारीख टाकायची, बस. मर्यादा 1,50,000 डॉलर. टेक्सास! ज्यांना आपण इथे बसून मागासलेले म्हणून नावं ठेवतो ते! कॅलिफोर्नियात तर काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, मान्यता दिली असेल तर घरून गरम जेवण विकता येतं, दिवसाला 30 आणि आठवड्याला 90 ताटं. तिथे आधी येऊन तपासणी करतात, आणि तेच योग्य आहे असं मला वाटतं. या ना तपासायला. काकूंचा ओटा बघा, आणि मग मंडळाच्या कार्यक्रमात तासन्‌तास उघडे पडलेले छोल्यांचे ट्रेही बघा. दोन्ही बघा की.

काकूंच्या किचनमध्ये मी कित्येकदा उभी राहिले आहे. केसांना घट्ट फडकं बांधलेलं, नखं कापलेली, शेंगदाण्याचा कूट वेगळ्या कपाटात. कारण डबा लावलेल्या एका मुलाला त्याची अॅलर्जी आहे. त्याच्या डब्यावर लाल टेप. कोणी शिकवलं नाही त्यांना हे.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. बिऱ्हाड गावी, हे मुंबईत, दोन्ही वेळ खाणावळीत जेवायचे. खाणावळ म्हणजे चाळीतली एक खोली, आणि तिथे पंधरावीस माणसांचं रांधणारी एक बाई. अख्खं गिरणगाव असल्या बायकांनी जेवू घातलं. त्यांना बँक दारात उभी करायची नाही. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अशा खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांना कर्ज मिळायला लागलं. आणि इथे आपण, त्याच माणसांची नातवंडं, घरच्या जेवणाला बेकायदेशीर म्हणतो. डिग्र्या घेतल्या की जेवू घालणाऱ्या बायका विसरायच्या असतात का?

कोणी म्हणेल, विषबाधा झाली तर? होऊ शकते. हॉटेलातही होते. पण काकू कुठे राहतात ते मला माहीत आहे, आणि माझं पोट बिघडलं तर उद्या मी त्यांच्याच दारात उभी राहणार, हे त्यांना माहीत आहे. आणि "तासावर कमर्शियल किचन घ्या ना" म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः हिशेब मांडावा. भाडं, विमा, परवाना, येण्याजाण्याचं पेट्रोल. एक मोदक किती डॉलरला पडेल? घ्याल तेवढ्याला? तुम्हीच "जरा कमी करा ना काकू" म्हणता.

दुपारी काकूंना फोन केला. मला वाटलं रडत असतील. त्या भाजणी भाजत होत्या. म्हणाल्या, "अगं जाऊ दे, खरंच नियम असेल तर आपण कशाला कोणाला अडचणीत आणायचं?" मग गप्प राहून हळूच विचारलं, "त्या नवीन मुलीचं पहिलंच वर्ष आहे का गं इथलं? तिला म्हणावं जेवायलाच ये, पैशाचा प्रश्नच नको." म्हणजे पुन्हा फुकट. पुन्हा झाकणाखाली परत आलेले पैसे. आणि कायदा खूश.

मला हे नको आहे. काकूंना घाम गाळल्याचे पैसे मिळायला हवेत. येत्या शनिवारी मी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन बसणार आहे. नानकटाईचा परवाना तरी काढू, ती कुकीतच मोडते, आणि चकलीसाठी अर्ज करू. चकली म्हणजे काय हे सरकारला कसं समजवायचं, यासाठी कोणाला चांगलं इंग्रजी लिहिता येत असेल तर मेसेज करा. आपल्या भागाच्या असेंब्ली मेंबरला टेक्सासच्या कायद्याचा दाखला देऊन पत्रही लिहायचंय, त्यावर सह्या हव्यात.

आणि कॉमेंटमध्ये काकूंचा नंबर मागू नका. ते गृहस्थही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. त्यांना फराळ हवा असेल तर त्यांनी आधी सही करावी.